वनांची वर्गवारी आणि मोहाचा हिशेब

फाल्गुन-चैत्रात भल्या पहाटे अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यांवरून टोपल्या घेतलेल्या बायका-मुले रानाच्या वाटेने निघतात. रात्रभर गळलेला मोह ऊन चढण्यापूर्वी वेचावयाचा असतो. कोणते झाड कोणत्या घराने वेचावयाचे, हे अनेक गावांत पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे. त्या घराच्या दृष्टीने ते झाड शेताच्या तुकड्याइतकेच उत्पन्नाचे साधन होय. सरकारी दफ्तरात मात्र त्याच झाडाची नोंद 'विरळ वन' या सदरातील टक्केवारीचा एक अंश म्हणून होते. या दोन नोंदींतील अंतर हा केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नव्हे. तो पैशाचा आणि हक्काचाही प्रश्न आहे.

वनांचे वर्गीकरण ही उपयुक्त विद्या आहे, याविषयी दुमत असू नये. वृक्षांची यादी म्हणजे वन नव्हे. कोणती झाडे कोणत्या हवामानात व कोणत्या जमिनीवर परस्परांच्या सोबतीने वाढतात, हे सांगणारी देशव्यापी मांडणी हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केली आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्या सहकार्याने ती सुधारून प्रसिद्ध केली. त्यांनी भारतीय वनांचे १६ प्रमुख गट पाडले. नंदुरबारचा सातपुडा बहुतांशी त्यातील पाचव्या, म्हणजे उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वनांच्या गटात मोडतो. त्या गटातही सागाचे वन निराळे आणि मिश्र पानझडी वन निराळे. सालईवन, पळसवन व बांबूची बेटे यांना स्वतंत्र स्थान. आणि खुरटलेल्या झुडपी रानालाही अवनतीची अवस्था म्हणून वेगळे नाव आहे. हे निरीक्षण बारीक होते, यात शंका नाही.

तथापि वर्गांच्या सीमा निसर्गाने आखून दिलेल्या असतात काय? ओक आणि मेपल यांची वने ज्यांच्या परिचयाची होती, त्या अमेरिकन शास्त्रज्ञांत या प्रश्नावर मोठा वाद झाला. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये वनस्पतिसमूहाला सजीव देहाची उपमा दिली. उलट हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये असे प्रतिपादिले की, प्रत्येक जाती आपल्या गरजेनुसार स्वतंत्रपणे पसरते. समूहाची सीमारेषा पाहणाराच ओढतो. तळोद्याच्या सपाटीवरून तोरणमाळच्या पठाराकडे चढत जाणाऱ्यालाही सागाचे वन नेमके कोठे संपले आणि मिश्र वन कोठे सुरू झाले, हे बोट ठेवून सांगता यावयाचे नाही. रेषा माणसानेच ओढावयाची असेल, तर ती कोण ओढतो आणि कशासाठी ओढतो, हे विचारणे प्राप्त आहे.

बांबूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शास्त्रानुसार बांबू हे गवत; १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र त्याला वृक्षांत गणले. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये त्याचा गौण वनोपजात समावेश केला, आणि वनाबाहेर वाढलेल्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. एक वनस्पती कोणत्या रकान्यात लिहिली गेली, एवढ्यावर तिची मालकी आणि तोडणीचा अधिकार अवलंबून राहिला.

किमतीची गोष्ट याहून गंभीर आहे. वनजमीन धरण, खाण वा रस्त्यासाठी वळती करताना तिचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेल्या दरपत्रकात चॅम्पियन व सेठ यांचे १६ गट सहा वर्गांत सामावले गेले आणि प्रत्येक वर्गाचे घनतेनुसार तीन भाव ठरले. शुष्क पानझडी वन अतिदाट असल्यास हेक्टरी ८ लाख ८७ हजार, दाट असल्यास ८ लाख ३ हजार आणि विरळ असल्यास ६ लाख २६ हजार रुपये, असा तो हिशेब होता. २०२२ मध्ये हे दर वाढविण्यात आले. घनतेचे माप मात्र झाडांच्या पर्णछत्राचे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १० ते ४० टक्के छत्राला विरळ वन म्हणते. उपग्रहाला छत्र दिसते, छत्राखालची उपज दिसत नाही. परिणामी एकजात सागाचे दाट रोपवन वरच्या भावात बसते, आणि अंतराअंतराने उभ्या असलेल्या जुन्या मोहांचा उतार खालच्या भावात जातो.

या दरांत गौण वनोपजाचे मूल्य धरलेलेच आहे, असे उत्तर यावर दिले जाईल. ते खरे आहे. परंतु ती साऱ्या वर्गाची सरासरी आहे, आणि सरासरीने कोणाचे पोट भरत नाही. शिवाय २०१६ च्या कायद्यानुसार ही रक्कम राज्याच्या व केंद्राच्या प्रतिपूरक वनीकरण निधीत जाते. ज्या घराचा मोह गेला त्या घराच्या हाती नव्हे. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तेथे ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत भरला. पाण्याखाली गेलेल्या रानात कोणता मोह कोणत्या घराचा होता, हे आता झाडाकडे बोट करून दाखविता येत नाही.

अर्थात गावाचे ज्ञान स्वयंपूर्ण आहे, असेही नव्हे. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. त्या आगीत कोवळी रोपे करपतात. उरलेली गुरांच्या तोंडी पडतात. जुनी झाडे भरभरून देत असता नवी पिढीच उभी राहत नसेल, तर ते व्याज नव्हे, मुद्दल खाणे झाले. हे उपग्रहाला दिसत नाही आणि रोज वेचणाऱ्याच्याही चटकन ध्यानात येत नाही. ठरावीक मापाचे नमुना-तुकडे आखून त्यांतील झाडे, त्यांचे घेर आणि रोपे मोजली, तरच ते उघड होते. शास्त्राची खरी गरज येथे आहे.

या मोजणीसाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लोकांच्या नोंदवहीची तरतूद आहे. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. दोहोंनाही पाया एकच हवा: त्या त्या गावच्या वनाचे यथातथ्य वर्णन. शहादा, तळोदा, नंदुरबार येथील महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावातील जाणत्यांना सोबत घेऊन हे काम अंगावर घेतले, तर त्याला दोरी, टेप आणि वही यांपलीकडे फारसे साहित्य लागणार नाही. शासनाने एवढेच करावे की, वनजमीन वळती करण्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत ग्रामसभेने मान्य केलेले असे वर्णन जोडणे सक्तीचे करावे. वनाचा भाव ठरविण्यापूर्वी त्या वनात काय आहे हे लिहून घ्यावे, ही मागणी अवाजवी खासच नव्हे.