शॉकअप बोलत नाहीत, खुणा करतात



ऊसविकास खात्याने बेणे, लागण, खोडवा यांवर लिहावे; गाडीच्या शॉकअपवर कशाला, असे काही जण म्हणतील. परंतु उसाची वाट बांधावर संपत नाही, ती गव्हाणीपर्यंत जाते. त्या वाटेवर आपलेच ट्रक, जीप आणि मोटारसायकली धावतात. म्हणून हंगामापूर्वी हे चार शब्द.

शॉकअप म्हणजे बसायला मऊ लागण्याची सोय, असा सर्रास समज आहे. तो आम्हाला मान्य नाही. गाडीचा भार पाटे किंवा स्प्रिंग उचलतात. पण दाबलेली स्प्रिंग एकदा उसळली की उसळतच राहते. ती उसळी मोडणे हे शॉकअपचे काम. आत तेल असते. दट्ट्या खाली-वर होताना ते बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. तेल गळाले की चाक रस्ता धरीत नाही, उड्या मारते. अधांतरी चाकाला ब्रेक कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

अडचण अशी, की बैल लंगडला तर त्याच दिवशी दिसते. शॉकअप मात्र थोडा थोडा जातो आणि आपल्याला त्याची सवय होते. म्हणून मुद्दाम पाहावे लागते.

जीप किंवा पिकअपचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीन वेळा डोलत राहिला तर शॉकअप थकला. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा आणि फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, ते बघा. हे तेल ब्रेकवर उतरले तर ब्रेकच धरत नाही. ट्रक हाताने दाबून हलत नाही. तो गतिरोधकावरून सावकाश न्यावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. पंधरा-वीस मिनिटे चालून आल्यावर दोन्ही बाजूंच्या शॉकअपला जपून हात लावावा; एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंडाने काम सोडले असे समजावे. टायर जागोजागी खळगे पडून झिजणे, ब्रेक मारताच तोंड खाली जाणे, वळणावर गाडी झोल खाणे, याही खुणाच.

उगाच खर्च करा, असे आमचे म्हणणे नाही. नुसती धूळ बसली म्हणजे गळती नव्हे. खडखडाट कधी रबरी बुशाचा असतो, आणि तो स्वस्तात बदलतो. टायरमधली हवाही आधी तपासावी. पण शॉकअप गेलाच असेल तर एकाच ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना असला की गाडी एका अंगाला ओढते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बहुधा शॉकअप नसतातच. तिथे भार आणि वेग आवरणे हाच उपाय.

"आता हंगाम निघू द्या, बिल आले की बघू," हे उत्तर आम्ही दरसाल ऐकतो. पण तोवर टायर खाल्लेले असतात. आणि टायर नवे घेता येतात; रात्रीच्या खेपेला उसावर बसलेला मजूर किंवा मोटारसायकलवर मागे बसलेली घरची लक्ष्मी पुन्हा आणता येत नाही.

आमचे स्पष्ट मत आहे, की वाहतुकीचा करार करताना ब्रेक-टायरबरोबर शॉकअपही पाहिले जावेत आणि सभासदांनी त्याचा आग्रह धरावा. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो. त्याच दिवशी खाली वाकून पाच मिनिटे पाहिले तर पूजा पुरी झाली, असे आम्ही म्हणू. तोडलेला ऊस रेंगाळला की वजन आणि उतारा घटतो, हे आम्हीच सांगत असतो. तरीही खेप एक दिवस उशिरा आली तर चालेल. माणूस घरी पोचलाच पाहिजे.