रेकॉर्डिंगचा मजकूर करून देणारं टूल निवडताना मराठीत खरी अडचण कुठे येते?

सरांचं लेक्चर, आजीने सांगितलेल्या आठवणी, प्रोजेक्टसाठी घेतलेली मुलाखत... रेकॉर्ड करणं सोपं असतं. पण तासाभराचं बोलणं ऐकत टाइप करायला बसलं की अख्खा दिवस जातो. मग आपण टूल शोधायला लागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने व्हॉइस मेसेज मजकुरात वाचण्याची सोय जाहीर केली. सुरुवातीच्या भाषांमध्ये मराठी नव्हती! असं का होतं?

कारण ही टूल्स माणसांचं बोलणं ऐकून शिकतात. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं ‘व्हिस्पर’ मॉडेल आज अनेक अ‍ॅप्समध्ये वापरलं जातं. ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलं, पण त्यातला जवळपास दोन तृतीयांश आवाज इंग्रजी होता. बाकीच्या ९६ भाषांच्या वाट्याला सगळं मिळून १ लाख १७ हजार तास आले, आणि त्यात मराठी नगण्य. आयआयटी मद्रासमधला ‘एआयफॉरभारत’ गट आणि केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प ही कमतरता भरून काढायचं काम करतायत.

चुकलेलं शुद्धलेखन लगेच दिसतं. खरा धोका असतो तो न बोललेल्या वाक्यांचा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिस्पर तपासलं, तेव्हा सुमारे १ टक्का इंग्रजी क्लिप्समध्ये कुणीच न बोललेला मजकूर सापडला. बोलण्यात लांब शांतता असेल तिथे हे जास्त होतं. आजी आठवायला थांबते ना, नेमकी तीच जागा!

म्हणून टूल निवडताना एवढं करा:

• जाहिरातीवर जाऊ नका. तुमच्याच रेकॉर्डिंगमधली दोन मिनिटं दोन वेगळ्या टूल्सना द्या. गोंगाट, गावाकडची बोली, मध्येच आलेले इंग्रजी शब्द, सगळं त्यात असू द्या.
• भाषा ‘ऑटो’वर ठेवू नका, मराठी निवडा. नाहीतर टूल मराठीला हिंदी समजू शकतं.
• नावं, आकडे आणि ‘नाही’ हा शब्द ऐकून तपासा. ‘देणार नाही’मधला शेवटचा शब्द गळला की अर्थच उलटतो.
• जीबोर्डचं व्हॉइस टायपिंग समोर बोललेलं टिपतं. आधीच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ फाइल घेणारं टूल लागेल.
• फाइल अपलोड केली की आवाज दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. बोलणाऱ्याला आधी विचारा.

आणि मजकूर हातात आला म्हणून मूळ रेकॉर्डिंग डिलीट करू नका. उद्या एखाद्या वाक्याबद्दल शंका आली, तर खरं काय ते फक्त तिथेच ऐकायला मिळेल.