गिरणगावाच्या छातीतला कापूस

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या पिढीने १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केले, तिला उशिरा का होईना हक्काचे छप्पर मिळते आहे, याचे स्वागत कोणीही करील. परंतु या इमारतींत उद्वाहनाची सोय नसती, तर वर चढू न शकणारे वृद्ध गिरणी कामगार किती निघतील, याची गणना कोणी केलेली नाही. गेली चार दशके गिरणी कामगाराच्या थकलेल्या पगाराची चर्चा झाली, गिरण्यांच्या जमिनींची झाली, म्हाडाच्या घरांची झाली. त्याच्या फुप्फुसांची मात्र कधी झाली नाही.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला वैद्यकशास्त्रात ‘बिसिनोसिस’ म्हणतात. गिरणीत गासड्या फोडून कापूस झोडपला जातो तो ब्लोरूममध्ये, आणि विंचरला जातो तो कार्डिंग खात्यात. कापसाच्या बोंडाबरोबर आलेला पालापाचोळ्याचा चुरा आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंची विषद्रव्ये याच दोन खात्यांच्या हवेत सर्वाधिक असतात. या रोगाची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामगार कामावर आला की पहिल्याच दिवशी छाती आवळून येते, दम लागतो. पुढच्या दिवसांत ते कमी होते. म्हणून जगभर त्याला सोमवारचा आजार म्हटले गेले. वर्षे सरतात तसा सोमवार मंगळवारपर्यंत लांबतो, मग आठवडाभर पसरतो, आणि अखेर काम सुटले तरी दम सुटत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्या एका दिवसाच्या मोकळ्या श्वासामुळेच सोमवारचे दुखणे ओळखू येण्याजोगे झाले. दुखणे स्वतःहून बोलत होते. ऐकणारे कान मात्र नव्हते.

कायद्याने कान उघडले नव्हते असे नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि पुढे मुंबईतही आली. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील व्यवसायजन्य रोगांच्या सूचीत बिसिनोसिसचा समावेश झाला. असा रोग कामावरील इजा मानला जातो आणि कमावण्याची क्षमता जितकी घटली, त्या प्रमाणात कायमच्या अपंगत्वाचा लाभ दरमहा मिळतो. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना कळवावे, हे बंधन कारखाने कायद्यानेही घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्या परिशिष्टांतही हा रोग कायम आहे. तात्पर्य, हक्क कागदावर होता आणि आजही आहे. मग तो कामगाराच्या पदरात का पडला नाही?

पहिले कारण निदानाचे. खाणीतल्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसच्या खुणा क्ष-किरण चित्रात उमटतात. बिसिनोसिसची स्वतःची अशी खूण चित्रात दिसत नाही. तो ओळखायचा तर कामगार कोणत्या खात्यात, किती वर्षे होता आणि छाती कोणत्या वारी भरते हे विचारावे लागते. पाळीपूर्वी व पाळीनंतर श्वासाची क्षमता मोजावी लागते. दवाखान्याच्या रांगेत एवढा वेळ कोणाला? बहुतेकांच्या कागदावर दमा, जुनाट खोकला किंवा बिडीचा परिणाम अशी नोंद झाली. व्यवसाय विचारला गेला नाही, आणि व्यवसायाची नोंद नाही तिथे व्यवसायजन्य रोगही नाही.

हा रोग आपल्याकडे नव्हताच, असे म्हणण्यास जागा नाही. अहमदाबादच्या गिरण्यांतील पाहणीत ब्लोरूमच्या सुमारे ३० टक्के आणि कार्डिंगच्या सुमारे ३८ टक्के कामगारांना तो आढळला होता. मुंबईतील एका गिरणीच्या कामगारांवरील डॉ. व्ही. मुरलीधर व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निर्णय दिला, की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

दुसरे कारण पुराव्याचे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक भोंगा कायमचा थांबला. गिरणी गेली, तिच्याबरोबर हजेरीपटही गेले. आता सत्तरीपुढच्या माणसाने ‘कार्डिंग खात्यात वीस वर्षे होतो’ हे सिद्ध कसे करावे? अमेरिकेत १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणकामगारांनी काम बंद ठेवून हाच प्रश्न ऐरणीवर आणला. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवले, की दहा वर्षे खाणीत राबलेल्याला काळ्या फुप्फुसाचा रोग जडला, तर तो खाणीतूनच आला असे गृहीत धरावे. तसे नसल्यास ते दुसऱ्याने सिद्ध करावे. पुराव्याचे ओझे दम लागलेल्या माणसाच्या खांद्यावरून उतरवण्याचा हा साधा न्याय आहे.

महाराष्ट्राला तर त्यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीत कामावर असलेल्यांना घरे देण्यासाठी शासनाने लाखांवर अर्ज घेतले, तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधी व विम्याची कागदपत्रे तपासून पात्रता ठरवली. घरासाठी जो कागद पुरेसा ठरला, तो श्वासासाठी अपुरा का ठरावा? त्याच यादीतील ब्लोरूम, कार्डिंग आणि सूतकताईच्या खात्यांतील कामगारांना बोलावून वरळी व परळच्या विमा रुग्णालयांत श्वासतपासणीची शिबिरे घेता येतील. विम्याच्या चौकटीत जे बसणार नाहीत, त्यांच्यासाठी राज्याने स्वतंत्र धोरण करावे. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी असे धोरण केले आहे आणि प्रमाणित रुग्णाला तीन लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आहे. खाणींच्या राज्याला जे साधले, ते गिरण्यांच्या राज्याला साधू नये?

यावर म्हटले जाईल, की गिरण्या गेल्या, माणसेही थोडीच उरली; आता जुने कशाला उकरावे? माणसे थोडी उरली, म्हणूनच घाई करायची. शिवाय कापूस संपलेला नाही. विदर्भातील जिनिंगमध्ये आणि राज्यभरच्या सूतगिरण्यांत तोच चुरा आजही उडतो. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतगिरण्यांतील धुळीवर घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि रोग झपाट्याने ओसरला. म्हणजे हा दैवाचा भोग नाही. टाळता येणारी इजा आहे. नव्या संहितांनी चाळिशीपुढील कामगाराला मोफत वार्षिक आरोग्यतपासणीचा अधिकार दिला आहे. त्या तपासणीत श्वास मोजला गेला नाही, तर गिरणगावात झाले तेच उद्या यवतमाळात होईल.

समाजाचेही यात कर्तव्य आहे. ज्या घरांतील मुले गिरणीच्या पगारावर शिकून डॉक्टर, वकील, अधिकारी झाली, ती घरे आज दादर ते बोरिवलीपर्यंत पसरली आहेत. त्यांनी वडिलांचे जुने कार्ड शोधावे, डॉक्टरला खात्याचे नाव सांगावे, अर्ज लिहून द्यावा. मुंबईला वस्त्र पुरवणाऱ्याने आयुष्यभर छातीत कापूस साठवला. त्याला दया नको आहे. विम्याचा जो हप्ता त्याच्या पगारातून कापला गेला, त्याचा हिशेब हवा आहे.