प्राध्यापकाच्या पाठीशी कोण?

सुरतेचे नाव निघाले की मराठी घरांत पहिली आठवण होते ती शिवछत्रपतींच्या स्वारीची. परंतु त्या नगरीशी आपले दुसरेही नाते आहे, आणि ते विद्येचे आहे. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर तेथील इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकासह त्यांनी १८४४ साली तेथे मानवधर्म सभा काढली. पुढे १८४६ मध्ये मुंबईस शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची सूत्रे दादोबांकडे आली. शिकवणारालाही शिकवावे लागते, हे तेव्हाच मान्य झाले होते.

नवल असे की, ही मान्यता शाळेच्या उंबरठ्यावरच थांबली. मास्तराला शिक्षणशास्त्राची पदवी किंवा पदविका हवी. प्राध्यापकाला मात्र एम. ए., पीएच. डी. झाले की शिकवणे आपोआप येते, असे आपण धरून चालतो. सुरतेचे आर्ट्‌स कॉलेज १९१८ चे, इंजिनियरिंग कॉलेज १९६१ चे. पण प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांतून स्वतंत्र केंद्रे निघाली ती १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर. तेथील काही आठवड्यांचा वर्ग उपयोगी खराच. परंतु परत आल्यावर उद्याचा तास कसा बांधावा, हे विचारायला घरचे माणूस नसते.

समजा, सुरतेच्या अर्थशास्त्राच्या वर्गात मागवाल्याचा मुलगा बसला आहे. उत्पादनखर्चाची व्याख्या तो घोकतो, पण एका वार कापडाचा खर्च त्याला मांडता येत नाही. दोष मुलाचा नव्हे, आखणीचा आहे. सत्राअखेर मुलाला काय करता आले पाहिजे हे आधी ठरवावे, त्याला साजेशी परीक्षा योजावी, आणि मगच पाठांचा क्रम लावावा. हे शास्त्र एकट्याने शिकणे कठीण आहे.

त्यात समित्यांचा बोजा. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन सांगितले आहे. प्रवेश, परीक्षा, मूल्यांकन यांच्या बैठका व फायली त्याखेरीज. आणि हे काम बहुधा सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. म्हणून समित्या मोडाव्यात काय? मुळीच नाही. अध्यापकांनी कारभारातून अंग काढले, तर कॉलेज कारकुनांच्या आणि विश्वस्तांच्याच हाती जाईल.

आमचे म्हणणे एवढेच की, समितीचे काम तासांत मोजावे व पाळीपाळीने वाटावे. शिवाय प्रत्येक कॉलेजात एका अनुभवी अध्यापकाचे काही तास मोकळे करून, पाठांच्या आखणीत सहकाऱ्यांना साह्य करण्याचे काम त्याला द्यावे. तो तपासनीस नसावा. वरिष्ठांकडे अहवाल देण्याचे काम त्याच्याकडे गेले की कोणीही आपली अडचण त्याला सांगणार नाही.

कॉलेजची फी भरून वर शिकवणीचीही फी भरणाऱ्या पालकांनी संचालकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : तुमचे प्राध्यापक अडले, तर ते कोणाकडे जातात?