पंचवीसावर एक शून्य

'फुकट शिकतात साले.' बदलापूर लोकलच्या दारात, सकाळच्या चेंगराचेंगरीत हे ऐकलं. तेव्हा गप्प बसलो. म्हणून आता लिहितो.

दोस्तांनो, या फुकटाचा हिशेब मांडू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची २०२१ची नियमावली काढा. बी.ए., बी.कॉम.ला घरून ये-जा करणाऱ्या आपल्या पोराला फी सोडून वर्षाला ३००० रुपये. म्हणजे महिन्याला अडीचशे! त्यात बदलापूर गाव ते स्टेशन रिक्षा, लोकलचा पास, वह्या, झेरॉक्स, दुपारचा वडापाव. पैसे रिक्षातच संपतात.

बाबासाहेब एल्फिन्स्टनमध्ये होते तेव्हा सयाजीराव गायकवाड त्यांना महिना २५ रुपये देत. १९१२ला ते बी.ए. झाले. शंभरावर वर्षं लोटली आणि रकमेवर एक शून्य चढलं. भावांवर किती चढली ते बाजारात विचारा.

तेही कुणाला? घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल त्याला. २०१३ साली ही रेघ मारली, २०२१च्या नियमावलीतही तीच. आई-बाप दोघं कंत्राटावर कंपनीत गेले की रेघ ओलांडली, मग नुसती फीमाफी. २०२४मध्ये राज्यानं ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ केली, तिथं रेघ ८ लाखांवर. त्या पोरी शिकोत, आपलं पोट दुखत नाही. पण गरिबी मोजायची मापं दोन कशी?

आणि पैसे येतात कधी? माझे पहिल्या वर्षाचे आले तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज म्हणालं, आधी फी भर, मग फॉर्म. आईनं भिशी उचलली. ती माझ्यात गेली. धाकटीची ॲडमिशन राहिली. ती आज पॅकिंगला जाते. कुठल्या सरकारी अहवालात तिचा आकडा नाही.

आता आपलं बघू. जयंतीला डीजेची सुपारी द्यायला वर्गणी जमते. मंडळात मी म्हटलं, त्यातलीच काही रक्कम जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरापोरींच्या फीला उसनी द्या, शिष्यवृत्ती आली की पेटीत परत. मंडळातले दादा उखडले. 'सरकारचं काम आपण कशाला करायचं? मोर्चा काढू.'

काढा ना दादा, मी पुढं चालतो. पण मोर्चाची तारीख ठरेपर्यंत ॲडमिशनची तारीख जाते. आमच्या धाकटीची गेली.