गुंतवणुकीचा विषय घ्यावा की नाही?

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. गोंदियाच्या एका कॉलेजात बी.कॉम. करते. तिला गुंतवणुकीचा विषय घ्यायचा होता, पण अब्बा नको म्हणत होते. "मॅडम, तुम्हीच समजवा. ते म्हणतात, हा व्याज-सट्ट्याचा विषय आहे."

अब्बा राइस मिलमध्ये मुनीम आहेत. बोलता बोलता खरे कारण निघाले. मोठ्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेले दीड लाख रुपये त्यांनी एका योजनेत भरले होते. पावतीवर 'हलाल मुनाफा' असे छापलेले. सात महिने ठरलेली रक्कम आली, आठव्या महिन्यात ऑफिसला कुलूप लागले.

असे पोळलेले ते एकटे नाहीत. जून २०१९ मध्ये बंगळुरूची 'आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी' बुडाली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची जमापुंजी अडकली. तिथेही हलाल कमाईचेच नाव होते.

मी त्यांना म्हटले, "भाई, हा विषय घरात कोणी शिकलेले असते, तर तुमची रक्कम कदाचित वाचली असती."

कशी, ते सांगते. या विषयाचा पहिलाच धडा जोखीम आणि परतावा यांचा. जास्त परतावा हवा तर जोखीमही जास्त. जोखीम नाही आणि नफा भरपूर, असे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावे. आता आपल्या दीनच्या बाजूने पाहा. नबुव्वतच्या आधी पैगंबर मुहम्मद (स.) ह. खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला व्यापाराला गेले होते. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, अशा व्यवहाराला मुदारबा म्हणतात. त्यात नफ्याचा हिस्सा आधी ठरतो, रक्कम ठरत नाही. धंद्यात तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा. मग दरमहा ठरलेली रक्कम देणारा 'हलाल मुनाफा' आला कुठून? व्यापार असेल तर रक्कम कमी-जास्त होणारच. रक्कम पक्की असेल, तर ते व्याजच, फक्त नाव बदललेले.

दुसरा धडा, सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये ही गोष्ट गणिताने मांडली आणि १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपला शेतकरी बांधातल्या धानासोबत पाळीवर तूर लावतो, ती याच शहाणपणाने.

तिसरा धडा महागाईचा. ७२ ला महागाईच्या दराने भागा. महागाई ६ टक्के असेल, तर १२ वर्षांत पेटीतल्या पैशाची किंमत निम्मी होते. वर निसाबभर रकमेवर दरसाल अडीच टक्के जकात आहेच. म्हणजे पैसा नुसता ठेवूनही चालत नाही.

राहिला सट्टा. त्याबद्दल अब्बांचे म्हणणे खरे आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांनी तीन वर्षांत पैसे गमावले. आपली कॉलेजची मुले मोबाइलवर हेच करू लागली आहेत. चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन नफा-तोट्यात भागीदार होणे वेगळे. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये शरीयतच्या अटींत बसणाऱ्या ५० कंपन्यांचा निर्देशांकही सुरू केला. त्यात व्याजाचा, दारूचा, जुगाराचा धंदा करणाऱ्या कंपन्या घेत नाहीत; कंपनीवर कर्ज किती, हेही तपासतात. ही तपासणी करायची तर ताळेबंद वाचता यायला हवा. वर्गात व्याजाचे गणितही येईल. पण व्याज कसे लागते हे समजणे म्हणजे व्याज घेणे नव्हे.

कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. हिशेबाला आपल्या दीनमध्ये एवढे स्थान आहे.

अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग कपाटातून ती जुनी पावती काढून त्यांनी मुलीच्या हातात दिली. "वाच, यात काय चुकले होते ते सांग." तिने पाहिले. सेबीचा नोंदणी क्रमांक नव्हता. पैसा कोणत्या धंद्यात लागणार, तेही लिहिलेले नव्हते.

तिने विषय घेतला आहे. तुमच्या घरी कोणी बी.कॉम. करत असेल, तर त्यालाही घेऊ द्या. आणि पुढच्या वेळी कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात आला, तर सही करण्याआधी ते कागद त्या मुलाला किंवा मुलीला दाखवा.