तांड्याची सुई आणि उसाचा कोयता

परभणी - वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. समाजाचा वारसा सरकारदरबारी मान्य झाला, ही समाधानाची बाब आहे. मात्र, ज्या हातांनी हा वारसा कापडावर उतरविला, त्यांतील अनेक हात दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्‍चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात. जिंतूर, गंगाखेड तालुक्यांतील तांडेही याला अपवाद नाहीत.

बंजारा भरतकाम ही मुळात स्थलांतराचीच कला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फिरणाऱ्या या समाजाला कायमचे घर नव्हते. त्यामुळे त्याने आपली ओळख अंगावरच्या वस्त्रांत जपली. फेटिया, कांचळी आणि टुकरी यांवरील आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत टाके हा तिचाच पुरावा. रेल्वे आल्यावर लमाणांचा व्यापार बुडाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समूहांवर संशयाचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि एकच समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तर तेलंगणात अनुसूचित जमाती ठरला. हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन २०२५ मध्ये मराठवाड्यात निघालेल्या मोर्चांमागे हीच वेदना होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना टाका तोच आहे, कागद मात्र निराळा.

चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर महिलांनी बेपत्ता आप्तांच्या कहाण्या कापडाच्या तुकड्यांवर शिवल्या आणि जगाने त्यांना साक्ष म्हणून स्वीकारले. आपल्याकडे तांड्याच्या वस्त्राकडे अजूनही स्नेहसंमेलनातील नृत्याचा पोशाख म्हणूनच पाहिले जाते.

या कलेच्या ऱ्हासाचे खापर अनेकदा बदलत्या आवडीनिवडींवर फोडले जाते. ते पूर्ण खरे नाही. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा पुरुषाच्या नावावर असते. स्त्री पहाटेपासून फडात राबते आणि रात्री कोपीत चूल पेटविते. कवडी ओवायला लागणारी सवड आणि उजेड तिला मिळणार कोठून? थंडीपुरती गोधडी शिवली जाते, कारण ती गरज आहे. लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे भरला जाणारा फेटिया मात्र मागे पडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, हे स्वागतार्हच. तथापि, त्या दरात स्त्रीचे स्वतंत्र नाव कोठेही नाही.

शेजारच्या कर्नाटकाने वेगळी वाट दाखविली आहे. बळ्ळारी परिसरातील सांडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक निर्देशांकन मिळाले आहे. तेथील सांडूर कुशल कला केंद्राशी संबंधित ४५० हून अधिक महिलांनी केलेल्या १,७५५ वस्तू जुलै २०२३ मध्ये हंपी येथील जी-२० बैठकीच्या वेळी मांडल्या गेल्या आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. विक्रमापेक्षा महत्त्वाची बाब अशी, की तेथे सुईला गावातच दाम मिळतो.

परभणीच्या तांड्यांसाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. ऊसतोड कामगारांच्या नोंदणीत स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे यावे आणि त्यापुढे तिच्या कलेचीही नोंद व्हावी. कारागीर बारा महिने एकाच पत्त्यावर राहतो, असे गृहीत धरून आखलेले प्रशिक्षण हंगामात गावाबाहेर असलेल्या महिलेच्या उपयोगाचे नाही. तिच्यासाठी गळीत हंगाम संपल्यानंतरच्या महिन्यांत, तांड्यावरच आणि खरेदीची हमी देऊन काम उभे करावे लागेल. सुईची मजुरी उचलीची गरज कमी करू शकली, तरच फडावर न जाण्याचा पर्याय तिच्यापुढे खऱ्या अर्थाने खुला होईल. अन्यथा पोहरादेवीच्या संग्रहालयात वस्त्रे राहतील. ती भरणाऱ्या स्त्रिया मात्र उसाच्या फडातच शोधाव्या लागतील.